ओढफळी

ओट्याची लांबी सव्वातीन फूट.
दीड फूट गॅसचा, एक माठाचा,
उरलेल्या नऊ इंचांत
पोळपाट अर्धा हवेत.
अठ्ठावीस वर्षं कणीक मी
खाली बसून, परात पायात धरून मळली.
आता गुडघे म्हणतात, उभी राहा बाई.
उभी राहते, पण परात कुठे ठेवू?

फत्तू मिस्त्री येऊन पाहून गेला.
"एवढ्याशा कामाले कोण येते, काकू,
पूर्ण ट्रॉली करून घ्या,
चाळीस हजारात बसून जाईल."
मी चहा दिला.
तो उभ्यानंच प्यायला, बशी हातात धरून,
ठेवणार कुठे?

गॅलरीत, कुलरच्या मागे
प्रफुल्लचं कॉम्प्युटरचं टेबल
तीन उन्हाळे धूळ खात होतं.
तो बंगळुरूला, त्याचं काम आता मांडीवर चालतं.
मी सहज की-बोर्डची फळी ओढली
आणि ती आली,
सुळकन,
जीभ दाखवावी तशी.

रविवारी ह्यांना पेपरात सोडून
लकडगंजला गेले.
आरामशीनच्या आवाजात ओरडून सांगितलं,
दोन फूट बाय दीड, सागवान, उरल्यासुरल्यातला तुकडा.
"कशाले पाह्यजे?"
"पोळ्या लाटाले."
त्यानं कानावरची पेन्सिल काढली.
हसला नाही, हे मला आवडलं.
तुकडा वजनावर दिला, वांग्यांसारखा.
ऑटोत मांडीवर घेऊन आले,
पदराला भुसा, नाकात वास,
सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचं पोर
टकामका पाहत राहिलं.

टेबलाचे पाच स्क्रू निघाले.
सहाव्याला रात्रभर खोबरेल पाजलं.
सकाळी फळी सुटली, तेव्हा खालून दिसलं
कर्कटकानं कोरलेलं:
फिजिक्स ४१
४०
३९
पुढे काही नाही.
त्या दिवसांत मी ताकाचा पेला
दाराबाहेर ठेवून जायची,
न वाजवता.
पेला रिकामा मिळायचा. तेवढीच आमची बोलणी.

फुगलेली ती फळी फेकवली नाही,
पालथी करून माठाखाली सरकवली.
मला हव्या होत्या फक्त तिच्या पट्ट्या, रुळांसारख्या.

छाया गजभियेच्या दिराचं ड्रिल आणलं.
"उंची बत्तीस घे, सगळे बत्तीसच घेतात," ती म्हणाली.
मी डोळे मिटले, नसलेलं लाटणं धरलं,
हात जिथं थांबले तिथं
भिंतीवर काजळाचं बोट लावलं.
मोजलं तर साडेएकोणतीस.
ह्या घरातले खिळे, आरसे, दिव्यांची बटणं
सगळी ह्यांच्या खांद्याच्या मापाची.

भिंतीत भोक पाडताना
वरच्या डब्यातली मोहरी थरथरत होती.
वाटीत पाणी घेऊन समतल पाहिलं,
पाणी जरासं दाराकडे कललं.
असू दे, म्हटलं.

एक मात्र चुकलं.
फळी बाहेर असली की फ्रीज उघडत नाही.
हे एकदम खूश:
"सांगून राहिलो होतो न मी!"
त्यांनी काहीएक सांगितलं नव्हतं.
आता आधी सगळं काढायचं,
सांबार, मिरच्या, लिंबू, दही,
मग फळी ओढायची.
विसरलं काही तर
त्याच्यावाचून स्वयंपाक.
परवा वरण लिंबाशिवाय झालं,
कुणी ओळखलं नाही.

पहिल्या दिवशी सांबारवडी केली.
पारी लाटताना फळी बारीक कुरकुरली,
पण वाकली नाही.
हे दारात उभे, आत यायला जागाच नाही,
मग पलीकडूनच हात पुढे करून
सारण चाखत राहिले,
"तिखट कमी आहे," म्हणत
अर्धं संपवलं.

संध्याकाळी प्रफुल्लचा व्हिडिओ कॉल.
फोन बेसनाच्या डब्याला टेकवला.
"आई, तू उंच दिसून राहिली."
मी म्हटलं, उभी आहे न.
टेबलाचं सांगितलं नाही.
एकोणचाळीसनंतर काय झालं,
तेही विचारलं नाही.
हात कणकेत होते.

रात्री फळी पुसून आत ढकलते.
शेवटच्या इंचाला अडते जराशी,
मग कंबरेचा एक धक्का.